आजारी माणसाचं करणाऱ्याने आपलं दुखणं कुणाला सांगायचं? १४४१६ वर फोन लावल्यावर काय होतं, ते वाचा

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की गाव भेटायला येतं. पेशंट कसा आहे, जेवतो का, औषधं चालू आहेत का, सगळं विचारतं. त्या पेशंटचं हगणं-मुतणं काढणाऱ्या सुनेला मात्र "तू झोपलीस का?" असं कुणी विचारत नाही. फिट येणाऱ्या लेकराच्या आईचं तसंच, मतिमंद पोराच्या बापाचंही तसंच. दवाखान्याच्या कागदावर नाव पेशंटचं असतं, करणाऱ्याचं कुठेच नसतं.

टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा अशा करणाऱ्या माणसांसाठीसुद्धा आहे. "तो नंबर डोकं फिरलेल्यांसाठी असतो" असं आपल्याकडे बरेच जण म्हणतात. हे चूक आहे. ज्याला टेन्शन आहे, झोप नाही, जीव घाबरतो, विनाकारण रडू येतं, त्या कुणीही फोन लावावा. आजारी माणसाबद्दल विचारा किंवा फक्त स्वतःबद्दल बोला, दोन्ही चालतं.

केंद्र सरकारने २०२२-२३ च्या बजेटमध्ये ही सेवा जाहीर केली आणि १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, ती सुरू झाली. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचं मुख्य केंद्र आहे. नंबर १४४१६. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मोबाईल ॲपही आहे, पण ॲपच्या मागे लागायची गरज नाही. बटणाच्या साध्या फोनवरून काम होतं, नेट लागत नाही.

फोन लावल्यावर

आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो आणि भाषा निवडायला सांगतो. घाईने फोन ठेवू नका, आवाज सांगेल तो आकडा दाबा. मग प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक बोलतो. हा डॉक्टर नसतो, गोळ्या लिहून देत नाही. तो ऐकतो, विचारतो, पुढे काय करता येईल ते सांगतो. त्रास जास्त वाटला तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगतात.

खरी अडचण पहिल्या वाक्याची असते. बायका म्हणतात, फोन लावला पण काय बोलावं ते सुचलंच नाही, ठेवून दिला. चांगलं-वाईट काही जुळवत बसू नका. "सासरे दोन वर्षांपासून अंथरुणात आहेत. रात्री तीनदा उठावं लागतं. आता लेकरांवर हात उचलला जातो." एवढं पुरे. कुणाचं करता, किती दिवसांपासून, झोप किती होते, हाताखाली दुसरं कुणी आहे का, या चार गोष्टी सांगितल्या की पुढचं ते विचारतात. राग येतो, "हा माणूस आता सुटला तर बरं" असा विचार मनात येऊन जातो आणि मग स्वतःचीच लाज वाटते, हेही सांगा. असं पुष्कळ करणाऱ्यांच्या मनात येतं, त्याने तुम्ही वाईट ठरत नाही.

दुसरी अडचण जागेची. दोन खोल्यांचं घर, फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. सासू शेजारी बसलेली असताना सासूबद्दल कसं बोलणार? सेवा चोवीस तास आहे त्याचा फायदा इथे घ्या. धार काढायला गोठ्यात गेल्यावर, शेतात पाणी धरताना, नाहीतर सगळे झोपल्यावर गच्चीवर. स्पीकर बंद ठेवा. रेंज जाऊन फोन कटला तर परत लावा. समोर दुसरा समुपदेशक आला तर दोन वाक्यांत पुन्हा सांगावं लागेल, त्याला कंटाळू नका. स्वतःचा फोन नसेल तर विश्वासाच्या आशाताईंना विचारून बघा. आणि गावात बातमी फुटेल ही भीती असेल तर लक्षात ठेवा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे.

बाप्या माणसांनी तर हा नंबर जास्तच जपून ठेवावा. बाई विहिरीवर, बचत गटात कुणाजवळ तरी मन मोकळं करते. पुरुष पारावर बसून पाऊस आणि भाव यावरच बोलतो, घरातल्या अपंग पोराबद्दल अवाक्षर काढत नाही.

ऊसतोडीच्या भागात करणारे वेगळेच असतात. दिवाळीच्या आसपास आई-बाप कारखान्याकडे गेले की पाच-सहा महिने लेकरं आजी-आजोबांकडे. स्वतःचे गुडघे दुखत असताना नातवंडांची शाळा, ताप, हट्ट सांभाळायचा. त्यांच्यासाठी १४४१६ आहेच, शिवाय ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी लाईन सकाळी ८ ते रात्री ८ चालते. लेकराला मारहाण होत असेल, ते हरवलं असेल तर १०९८.

फोनवर न होणारी कामं

समुपदेशक पैसे देत नाही, व्हीलचेअर देत नाही आणि रात्री उठायला घरी माणूस पाठवत नाही. एका फोनमध्ये सगळं हलकं होईल असंही नाही. म्हणून कागदाची कामं बाजूने चालू ठेवा. अपंगत्वाचं युडीआयडी कार्ड काढा. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी, मतिमंद किंवा बहुविकलांग माणसासाठी नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च बसतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला होतो. ही कामं झाली तर डोक्यावरचा थोडा भार उतरतो, आणि माझ्या मते अर्धं टेन्शन तिथेच असतं.

सावध राहा. या सेवेला पैसे लागत नाहीत. समुपदेशक म्हणून कुणी ओटीपी, बँक खातं किंवा फी मागितली तर तो चोर समजा आणि फोन ठेवा. नंबर नेटवर शोधू नका, वरचाच लिहून घ्या.

जगणं नको वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी १४४१६ लावा आणि घरातल्या एकाला तरी सांगा. घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये. फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. जिवाला धोका दिसला तर ११२, ॲम्ब्युलन्सला १०८.

समोरासमोर बोलायचं असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. पेशंटचे जुने कागद सोबत न्या, पण केसपेपर स्वतःच्या नावाने काढा.