चावी अडते तेव्हा

गावात असो की मुंबईत, स्टिअरिंग अडलं की माणूस आधी चावीवरच जोर लावतो. तिथंच चावी वाकते.

स्टिअरिंग अडवणारं हे कुलूप आलं चोरांमुळे. फ्रेंच लोक त्याला आजही ‘नेमान’ म्हणतात, संशोधक अब्राम नेमान यांच्या नावावरून. जनरल मोटर्सनं १९६९च्या मॉडेलांत ते इग्निशनलाच जोडलं. अमेरिकेचा चोरीविरोधी नियम १ जानेवारी १९७० पासून लागू झाला.

चावी काढून स्टिअरिंग जरा फिरवलं की खट्ट आवाज येतो. स्प्रिंगच्या जोरानं कुलपाची खिटी स्टिअरिंगच्या दांड्याच्या खाचेत उतरलेली असते. पुढची चाकं वळलेली राहिली तर तिच्यावर ताण येतो आणि चावी अडते.

मग स्टिअरिंग ज्या बाजूला किंचित सरकतं तिकडे एका हातानं रेटायचं, दुसऱ्यानं चावी हलकेच फिरवायची. खिटी सुटते.