कडवाडचे कारवार

दिनांक १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. माजलगावच्या वडीलधाऱ्यांकडून त्या दिवसाचा आनंद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. परंतु आपण ज्या दिवशी या घरात आलो, त्याच दिवशी कारवार दुसऱ्या दाराने बाहेर पडून म्हैसूर राज्यात गेले, हे शाळेत भूगोल शिकवू लागेपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते.

कारवार काळी नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर वसले आहे. हे नाव मूळचे या शहराचे नव्हेच. नदीच्या काठी थोडे आत कडवाड नावाचे खेडे आहे. त्याचे नाव परकीय व्यापाऱ्यांच्या तोंडी 'कारवार' झाले. इंग्रजांनी १६३८ साली तेथे वखार घातली. मिरी आणि तलम कापड हा त्यांचा मुख्य माल. १६६५ साली शिवछत्रपतींची स्वारी त्या बाजूस आली, तेव्हा या वखारवाल्यांसही खंडणीचा वाटा उचलावा लागला. पुढे १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि जिल्ह्याचे ठाणे म्हणून समुद्रकाठी नवे शहर वाढले. नाव किनाऱ्यावर गेले, कडवाड मात्र जागीच राहिले.

समोरच्या तीरावरील किल्ल्याचीही तीच कथा. सोंद्याच्या बसवलिंग राजाने आपल्या पित्याच्या नावाने त्यास सदाशिवगड म्हटले. १७५२ साली पोर्तुगीजांनी तो घेतला आणि ते त्यास 'पिरो' म्हणू लागले. आज 'पिरो' कोणाच्या तोंडी नाही.

सीमावादाचे मूळ मात्र नावात नसून भाषेच्या गणतीत आहे. तेथील बहुसंख्य लोक घरी कोकणी बोलतात. कोकणी ही मराठीची बोली मानली तर महाराष्ट्राचे पारडे जड होते; स्वतंत्र भाषा मानली तर कोणत्याच बाजूचा हिशेब सरळ लागत नाही. महाजन आयोगाने १९६७ साली कारवार म्हैसुरातच ठेवले. महाराष्ट्राने तो निर्णय मानला नाही आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. दरम्यान १९७५ साली साहित्य अकादमीने व १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीने कोकणीस स्वतंत्र स्थान दिले. ज्यांच्या बोलीवरून हा वाद चालला, त्या माणसांस काय वाटते हे प्रथम विचारावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

एकदा वर्गात नकाशा पाहताना एका मुलाने गोव्याच्या सीमेवरील माजाळी गाव दाखवून विचारले, "गुरुजी, हे आपले का?" नावाच्या साम्यावरून तसे अनुमान काढू नये, एवढेच आम्ही त्यास सांगितले, पण घंटा होईपर्यंत त्याचे बोट तेथून हलले नाही.