पेंटॅक्स १७

३५ मिमी. फिल्मवर चालणारा हाफ-फ्रेम कॅमेरा. रिको इमेजिंग या जपानी कंपनीने तो जून २०२४ मध्ये जाहीर केला आणि जुलैत विक्रीला आणला. फिल्मवरील प्रत्येक चित्राची रुंदी १७ मिमी., त्यावरून हे नाव. पेंटॅक्स या नावाचा नवा फिल्म कॅमेरा सुमारे वीस वर्षांनी प्रथमच बाजारात आला. एखादे गाजलेले मॉडेल पुन्हा न काढता कंपनीने फिल्मसाठी नव्याने आराखडा केला, हे त्याचे मुख्य वेगळेपण.

पेंटॅक्सची मूळ कंपनी असाही ऑप्टिकल. तिची स्थापना १९१९ ची. १९५२ मध्ये तिने असाहीफ्लेक्स हा ३५ मिमी. फिल्मचा पहिला जपानी एसएलआर काढला. १९७६ पासून दोन दशके विकला गेलेला के१००० तर जगभरच्या फोटोग्राफीच्या वर्गांत विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणूनच ओळखला जाई. पुढे डिजिटलची लाट आली आणि एकेका कंपनीने फिल्मचा विभाग गुंडाळला. निकॉनचा एफ६ सुद्धा २०२० मध्ये थांबला. पेंटॅक्स २०११ मध्ये रिकोच्या ताब्यात गेली, तोवर तिचे फिल्म कॅमेरे इतिहासजमा झाले होते.

मागणी मात्र वाढू लागली होती आणि ती हौशी म्हाताऱ्यांकडून नव्हे, तर ज्यांनी लहानपणी रोल पाहिलाही नव्हता अशा तरुणांकडून. नवे कॅमेरे नसल्याने हा सगळा भार जुन्या बाजारावर पडला. कॉन्टॅक्स टी२ हे त्याचे ठळक उदाहरण. २०१७ मध्ये केंडल जेनर या अमेरिकी मॉडेलने तो दूरचित्रवाणीवर दाखवला आणि आधीच महाग असलेला हा छोटा कॅमेरा आणखी महागला. तो बनवणाऱ्या क्योसेराने २००५ मध्येच कॅमेऱ्यांचा धंदा सोडला होता, म्हणजे आतला सर्किट-बोर्ड गेला की सुटा भाग मिळणे मुश्कील. पूर्ण यांत्रिक कॅमेरा चांगला कारागीर पुन्हा चालता करू शकतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले मोटरवाले कॅमेरे मात्र बिघडले की बहुधा कपाटातच जातात. लायकाने २०२२ मध्ये आपला एम६ पुन्हा आणला, पण त्याची किंमत भारतीय हिशेबात लाखांत. दुसऱ्या टोकाला कोडॅकचे नाव लावलेला एक्टार एच३५ सारखा प्लास्टिकचा स्वस्त कॅमेरा. या दोहोंमधली जागा रिकामी होती.

डिसेंबर २०२२ मध्ये पेंटॅक्सने ‘फिल्म कॅमेरा प्रोजेक्ट’ जाहीर केला. त्याचा चेहरा होता ताकेओ सुझुकी हा आरेखक. खरी अडचण ज्ञानाची होती. जुने नकाशे कंपनीकडे होते, पण हाताने रोल पुढे ओढणारी यंत्रणा कशी जुळवायची, कोणता दाता कितपत घट्ट असावा, हे कागदावर पूर्ण उतरत नाही. त्यासाठी निवृत्त अभियंत्यांचा सल्ला घेण्यात आला. मोटर बसवणे सोपे पडले असते, तरी अंगठ्याने ओढायची कळच हवी असा आग्रह राहिला. आज फिल्म वापरणाऱ्याला यंत्राचा हा स्पर्शच हवा असतो, हे कंपनीने नेमके ओळखले.

कॅमेऱ्याचे वजन सुमारे २९० ग्रॅम. वरचा आणि खालचा भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, भिंग २५ मिमी. एफ/३.५ आणि तीनच काचांचे. त्याची रचना पेंटॅक्सच्याच एस्पिओ मिनी या जुन्या छोट्या कॅमेऱ्यावर आधारलेली आहे. फोकस अंतराच्या सहा टप्प्यांतून निवडायचा आणि भिंगाभोवतीच्या कड्यावर त्यासाठी चित्रे आहेत: सर्वात जवळचे फूल, मग काटा-सुरी, माणसे आणि शेवटी डोंगर. काटा-सुरी म्हणजे टेबलावरचे ताट, सुमारे अर्धा मीटर. आपण काय खातो ते आधी टिपणाऱ्या पिढीसाठी हा टप्पा मुद्दाम ठेवलेला दिसतो. फिल्मचा वेग कॅमेरा स्वतः ओळखत नाही, आयएसओची चकती हाताने फिरवावी लागते. म्हणूनच पाठीवर एक छोटी चौकट आहे, तिच्यात रोलच्या खोक्याचा तुकडा कापून अडकवायचा, म्हणजे आत काय भरले आहे ते विसरायला होत नाही.

चित्र १७ × २४ मिमी., म्हणजे नेहमीच्या २४ × ३६ मिमी. चित्राच्या निम्म्याहूनही थोडे कमी. कॅमेरा सरळ धरला की चित्र उभे येते, आणि फोनवर बघायला उभेच चित्र सोयीचे. आज बहुतेक रोल धुतल्यावर स्कॅन होऊन फोनवरच पाहिले जातात, कागदावर फार थोडे उतरतात. कल्पना मात्र नवी नाही, १९५९ चा ऑलिंपस पेन याच चणीचा. छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो निघतात, रोल महाग झाल्यावर हा मोठाच आधार. तोटे दोन. लहान निगेटिव्ह मोठी केली की दाणा ठळक दिसतो. आणि बहात्तर फोटो काही केल्या संपत नाहीत, मग दिवाळीचा रोल होळीला धुवायला जातो.

अमेरिकेत किंमत ५०० डॉलर ठरली. त्या पैशांत ऑटोफोकस नाही आणि शटरचा वेग स्वतः ठरवण्याची सोयही नाही, अशी टीका झाली. ती रास्त आहे. पण तुलना पंचवीस वर्षे जुन्या, हमी नसलेल्या कॅमेऱ्यांशी होत होती. त्याच वर्षी हाँगकाँगच्या मिंट कंपनीने ऑटोफोकसचा रोलाय ३५एएफ आणला, तो याहून महाग.

कॅमेरा आला तरी रोल हवा, आणि तो बनवणारे जगात मोजकेच. कोडॅकचा रोल न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये बनतो. २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या या कंपनीला हॉलिवूडच्या सिनेफिल्मची मागणीही तारून गेली. इलफर्डची कृष्णधवल फिल्म बनवणाऱ्या इंग्लंडमधल्या हार्मनने डिसेंबर २०२३ मध्ये फिनिक्स हा आपला रंगीत रोल काढला. भारतात उटीजवळ सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल बनत असे. तो कारखाना बंद पडला, त्यामुळे आता आयातीवरच भिस्त. रंगीत रोल धुणाऱ्या लॅबही मुंबई-पुण्यासारख्या शहरांत थोड्याच उरल्या आहेत, बाकीच्यांना कुरिअर करावे लागते.

पेंटॅक्स १७ पूर्ण यांत्रिक नाही. रोल हाताने ओढायचा असला तरी एक्सपोजर आणि शटर सीआर२ बॅटरीवर चालतात. बॅटरी संपली की फोटो नाही. म्हणजे कॉन्टॅक्सला भोवलेली सर्किट-बोर्डाची अडचण वीस वर्षांनी यालाही गाठू शकते. बॅटरीवाचून चालणारा एसएलआर प्रोजेक्टच्या मूळ संकल्पात होता, पण क्रमाने सर्वांत शेवटी.