धोतराचा कॅन्सर आणि मलम

सातारा-सांगलीकडे नऊवारी किंवा धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवर काचून काळपट घट्टा पडतो. बहुतेकांना तो काहीच त्रास देत नाही. क्वचित मात्र तिथे न भरणारी जखम होते आणि तिचा कॅन्सर बनतो. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली हा ‘धोतराचा कॅन्सर’ जगापुढे मांडला.

“यावर मलम नाही का, डॉक्टर?”

त्वचेच्या काही कॅन्सरवर आहे, आणि ते योगायोगाने सापडलं. १९५७ साली फ्लुरोयुरासिल हे औषध आलं. इतर कॅन्सरसाठी ते शिरेतून देताना, उन्हाने आलेले खरखरीत चट्टे लाल होऊन नाहीसे होतात असं दिसलं. मग त्याचं मलम निघालं. दुसरं मलम इमिक्विमॉड, मूळचं चामखिळीचं. अमेरिकेत २००४ साली वरवरच्या बेसल सेल कॅन्सरसाठी मान्य झालं. दोन्हींनी कातडी लाल होते, सोलवटते. घाबरून मध्येच थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा.

पण ही मलमं कातडीच्या वरच्या थरापुरतीच. धोतराचा कॅन्सर खोल उतरतो, त्याला शस्त्रक्रियाच लागते. नुसत्या नजरेने फरक कळेलच असं नाही, म्हणून आधी बायोप्सी. गजकर्णाचं मलम चोळत सहा-सहा महिने घालवून आलेले पेशंट मी पाहिलेत.