चपळाईचा भार कुणावर? शहापूर-मुरबाडच्या कंपन्या आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत जुलै उजाडला की हजेरीपटावर रिकाम्या चौकटी वाढतात. आवणी सुरू झालेली असते. रोप काढणीला आलेले, खाचरात चिखल झालेला. ही वेळ टळली तर वर्षाचा भात हातचा गेला. म्हणून कंत्राटी कामगार चार-आठ दिवस घरी थांबतो. जुन्या सुपरवायझरला हे पाठ असते, तो जूनमध्येच थोडा माल पुढे काढून ठेवतो. अंदाज बांधणाऱ्या संगणक प्रणालीला मात्र या चौकटींत वाढलेली गैरहजेरी तेवढी दिसते, कारण तिला पुरवलेल्या आकड्यांत पाऊसही नसतो आणि भातही नसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने कंपनी चपळ होते का, हा प्रश्न मला म्हणूनच या हजेरीपटापासून तपासावासा वाटतो.

आधी शब्दाचा अर्थ नक्की करू. चपळाई म्हणजे नुसता वेग नव्हे. एकच माल रात्रंदिवस भराभर काढणारा कारखाना वेगवान असतो. मागणी फिरली की चार दिवसांत दुसरा माल काढू शकतो तो चपळ. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड टीस यांनी २००७ मध्ये कंपनीच्या या क्षमतेचे तीन भाग मांडले. पहिला, बदलाची चाहूल घेणे. दुसरा, संधी हेरून निर्णय करणे. तिसरा, जुनी घडी मोडून नवी बसवणे. ‘अजाइल’, म्हणजे चपळ, हा शब्द सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या २००१ च्या जाहीरनाम्यानंतर त्या धंद्यातून सगळीकडे पसरला. पण सॉफ्टवेअरचा माल कीबोर्डवर बदलता येतो. वासिंदचा पत्रा, मुरबाडची ड्रमची बुचे आणि शहापूरची भेंडी तशी बदलता येत नाही. इथे तिसरा भाग माणसांच्या हातांनी, यंत्रांच्या सांध्यांनी आणि रस्त्यांनी करायचा असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा जोर या तिन्ही भागांवर सारखा पडत नाही. चाहूल घेण्यात ती निर्विवाद सरस आहे. हजारो ऑर्डरींच्या नोंदींतून पुढच्या पंधरवड्याचा कल काढणे माणसाला शक्य नाही, तिला आहे. निर्णयात ती चांगली मदतनीस ठरते. घडी मोडण्यात तिचा हात फारसा पोचत नाही. याचे गणित साधे आहे. समजा, बदललेल्या मागणीची खबर लागण्यापासून नवा माल गेटबाहेर पडेपर्यंत दहा दिवस लागतात. त्यांपैकी चार दिवस खबर, हिशेब आणि मंजुरीत जातात, सहा दिवस प्रत्यक्ष कामात. संगणकाने चारांचा एक दिवस केला तरी एकूण सात दिवस उरतात. चारांचे शून्य केले तरी सहा उरतातच. संगणकशास्त्रज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हेच तत्त्व यंत्रगणनेसाठी मांडले होते: कामाचा एक भाग कितीही झटपट केला तरी एकूण वेळ उरलेल्या भागाखाली जात नाही. कंपनीलाही ते जसेच्या तसे लागू पडते.

म्हणून लाभ कुठे होतो ते नेमके पाहावे लागते. वासिंदला जिंदाल समूहाचा पोलादी पत्र्याचा कारखाना १९८२ पासून आहे. आज तिथे जस्ताचा थर दिलेला आणि रंगीत पत्रा होतो. रंगीत पत्र्याच्या धंद्यात रंग बदलायचा म्हणजे लाइन थांबवून रोलर आणि रंगाची ताटे धुवायची. फिकटाकडून गडदाकडे गेले तर धुणे कमी, उलट गेले तर जास्त. कुठली ऑर्डर कुठल्या ऑर्डरीमागे लावावी, हे कोडे संगणक माणसापेक्षा चांगले सोडवतो. त्याने खरोखर तास वाचतात, आणि छोटी ऑर्डर नाकारायचे कारण उरत नाही. पत्र्यावरचे ओरखडे कॅमेऱ्याने टिपणे हेही असेच पक्के काम. जिथे यंत्राचा थांबा हाच अडसर आहे, तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीला खरी चपळ करते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

गोदामांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. भिवंडीची गोडाऊने नाशिक महामार्गाने सरकत वासिंद-आसनगावकडे आली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि शहापूर तालुका नागपूरपर्यंतच्या ७०१ किलोमीटर रस्त्याला जोडला गेला. अशा गोडाऊनात हातातला स्कॅनर माल काढणाऱ्या मुलीला कुठल्या रॅककडे जायचे ते सांगतो, आणि उद्या किती माल निघेल याचा अंदाज रात्रीच तयार होतो. त्यावरून ठेकेदाराला फोन जातो: उद्या चाळीस माणसे. पहाटे अंदाज सुधारतो: पंचवीस पुरेत. तोवर चाळीस जण कसारा लोकलने, शेअर जीपने किंवा चालत गेटवर पोचलेले असतात. पंधरा जण परत फिरतात. त्यांचे भाडे आणि रोज दोन्ही बुडते.

कंपनीच्या हिशेबात याला चपळाई म्हणतात. माझ्या मते ही उसनी घेतलेली चपळाई आहे. मागणीतली अनिश्चितता नाहीशी झाली नाही. ती कंपनीच्या अंगावरून कामगाराच्या अंगावर गेली. कंत्राटी कामगारांसाठी १९७० मध्ये कायदा झाला, पण रात्रीतून बदलणाऱ्या संगणकी अंदाजाचा विचार त्या काळी कुणाच्या मनात असणे शक्यच नव्हते. यात नैतिक प्रश्न तर आहेच, पण कंपनीचे नुकसानही आहे. तीनदा गेटवरून परत गेलेला माणूस चौथ्यांदा येत नाही. येतो तो नवा, ज्याला रॅक माहीत नाही. ज्या तिसऱ्या भागावर, म्हणजे घडी बदलण्यावर, सगळी मदार आहे, तोच भाग अशाने कच्चा होतो.

भेंडी हेच दुसऱ्या बाजूने दाखवते. ती पिकवणारे शेतकरीही कंपनी काढू शकतात: कंपनी कायद्यात २००२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहा शेतकऱ्यांनाही उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. म्हणून या तालुक्यांत ‘कंपनी’ म्हणताना आता त्याही मोजायला हव्यात. निर्यातीची भेंडी कोवळी, ठरलेल्या लांबीची लागते. तोडा एक दिवस चुकला की ती जून होते. परदेशातली मागणी पडल्याची खबर संगणकाने आठ दिवस आधी दिली तरी झाड थांबत नाही. मात्र हवामान आणि पानांचे फोटो यांवरून किडीचा इशारा वेळेत मिळाला तर एखादी फवारणी वाचते, औषधाचे अवशेष राहत नाहीत आणि माल तपासणीत नापास होत नाही. राज्याने २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद केली. तो पैसा बाजारभावाच्या भाकितांपेक्षा अशा इशाऱ्यांकडे वळला, तर इथल्या लहान कंपन्यांना त्याचा जास्त उपयोग होईल.

आणि कृत्रिम बुद्धिमत्तेशिवायही चपळाई असते. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या कातकरी तरुणांनी वनोपजासाठीच्या वनधन योजनेच्या आधाराने गुळवेल गोळा करून मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांना विकली. करोनाच्या काळात मागणी वाढली तेव्हा ते ती पुरवू शकले, कारण पाड्यापाड्यावर ओळखीची माणसे होती, वेल कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते. घडी आधीच बसलेली होती.

इथल्या माणसांचे ज्ञान यंत्रापर्यंत पोचतच नाही, ही आणखी एक अडचण. केंद्राने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ ही भारतीय भाषांसाठीची संगणकी अनुवाद-प्रणाली सुरू केली, त्यामुळे प्रमाण मराठी यंत्राला बरीच समजू लागली आहे. पण कारखान्यातला कामगार कातकरी, ठाकरी, आगरी बोलतो. ‘मशीन कुरकुरतंय’ असे तो शेजाऱ्याला सांगतो, ते नोंदीत येत नाही. उलट त्याच्या हालचालींचा प्रत्येक सेकंद स्कॅनरमधून बाहेर जातो आणि निर्णय दुसरीकडे होतो. तानसा आणि भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात धरणाशेजारच्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हे शहापूरकरांना सांगायला नको. माहितीचेही तसेच होऊ द्यायचे का, हे आताच ठरवायला हवे.

वसाहतीतल्या आणि महामार्गावरच्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे. प्रणाली विकत घेण्याआधी तिच्यात आवणी, म्हशाची जत्रा, शिमगा आणि गणपती यांच्या तारखा घाला. गेल्या पाच वर्षांचे हजेरीपट सुपरवायझरला शेजारी बसवून वाचा. आणि रात्री सांगितलेला आकडा पहाटे कमी झाला, तर परत जाणाऱ्याला निदान अर्धा रोज द्या.