वऱ्हाडी डिंक आणि शरीरावरचे जेल

पाणी धरून ठेवणारे, शरीराला न बोचणारे जेल ही प्रयोगशाळेची देणगी मानली जाते. त्याचा इतिहास बहुधा १९६० पासून सांगतात, कारण त्या वर्षी प्रागच्या ओट्टो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचा पाया ठरलेला पॉलिमर जगापुढे मांडला. ही सुरुवात मला अपुरी वाटते. वाशीम जिल्ह्यात बांधावर बाभूळ आहे, रानात धावडा आहे. विदर्भाच्या खडकाळ उतारांवर कांडोळ, म्हणजेच कडई, वाढते. या झाडांच्या डिंकाचे रेणूही लांबलचक आणि पाण्याची ओढ असलेले. त्यातल्या कांडोळीने तर वैद्यकाची वाट आधीच चालून दाखवली होती. तिची साल पांढरट, पापुद्र्यांनी सुटणारी. उन्हाळ्यात खोडाला खाच दिली की चीक पाझरतो, वाळून त्याचे खडे होतात. सालीचा कचरा निवडून, रंग पाहून त्यांची प्रतवारी लागते. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, हा मात्र कितीतरी पट फुगून घट्ट लगदा होतो आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. दातांची कवळी बसवायला त्याची भुकटी वापरत. १९५२ च्या सुमारास अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यचिकित्सक रुपर्ट टर्नबुल यांनी ती पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाभोवती लावली. पाचकरसाने सोलवटणारी कातडी तिच्या थराखाली वाचू लागली. प्रागचा शोधनिबंध यायच्या आधीच रानातले जेल रुग्णांच्या अंगावर काम करत होते.

यावर कुणी म्हणेल, डिंकाची आजच्या पेप्टाइड जेलशी, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांपासून घडवलेल्या जेलशी, तुलनाच चुकीची. आक्षेपात तथ्य आहे. एमआयटीत शुगुआंग झांग यांनी १९९० च्या दशकात अभ्यासलेली पेप्टाइड क्षारांशी गाठ पडताच आपणहून एकमेकांत गुंफून सूक्ष्म धागे बनतात. त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम आधी ठरवलेला असतो, म्हणून प्रत्येक खेप सारखी निघते. अशी जेल आता एंडोस्कोपीत रक्तस्राव थांबवायला वापरतात. डिंकाची प्रत ढिगागणिक बदलते, भुकटी साठवली की तिची फुगण्याची ताकद घटते. पण हा दोष एकट्या झाडाचा नाही. खाच कोणत्या महिन्यात दिली, किती खोल दिली, झाडाला किती विसावा दिला, यावरही प्रत ठरते. भावाच्या ओढीने खोल घाव घातले गेले तिथे कांडोळी मेल्या. एकसारखा माल हवा असेल तर रसायनशाळेइतकेच रानातले कसबही जपायला हवे होते, आणि ते कसब फारसे कुणी नोंदवले नाही.

का नोंदवले नाही, हे वऱ्हाडच्या इतिहासात दिसते. अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून इथला कापूस जगाच्या नजरेत भरला. वाशीम १९०५ पर्यंत ब्रिटिशांचा स्वतंत्र जिल्हा होता; त्या काळाचा कारभार शेतसारा आणि कापसाभोवती फिरला, डिंक ‘गौण वनोपज’ ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांची या वनोपजावरची मालकी मान्य केली. आता जैवपदार्थांच्या अभ्यासक्रमात विख्टर्ले शिकवताना कांडोळीचा डिंक आणि तो काढणाऱ्यांचे कसबही शिकवावे.