नाताळातला पहिला क्रमांक

नाताळ १९९५. इंग्लंडमधील फुटबॉलच्या प्रीमियर लीगचे ३८ पैकी १९ सामने, म्हणजे बरोबर अर्धा हंगाम, संपला होता. न्यूकॅसल युनायटेडचे ४५ गुण होते, मँचेस्टर युनायटेडचे ३५. (विजयाला ३ गुण, बरोबरीला १.) २० जानेवारीला हे अंतर १२ झाले. न्यूकॅसलने ही स्पर्धा १९२७ नंतर जिंकलेली नव्हती. आता जिंकणारच, असे बहुतेकांना वाटू लागले.

मे महिन्यात मँचेस्टरचे ८२ गुण झाले, न्यूकॅसलचे ७८.

असे का झाले? कोणी फेब्रुवारीत संघात आलेल्या अस्प्रियाला दोष दिला, तर कोणी व्यवस्थापक केविन कीगन दूरचित्रवाणीवर संतापले त्याला. पण ते संतापले २९ एप्रिलला. आघाडी त्याआधीच गेली होती. आपण साधी वजाबाकी करू. दुसऱ्या अर्ध्यात न्यूकॅसलने ३३ गुण मिळवले, मँचेस्टरने ४७. दोन्ही अर्ध्यांत ३३ मिळवणारा संघ त्या वर्षी चौथा आला असता. म्हणजे ही काही वाताहत नव्हे. पहिल्या अर्ध्यातले ४५ गुणच असाधारण होते. असाधारण कामगिरीत कौशल्याबरोबर थोडे नशीबही असते, आणि ते पुढच्या अर्ध्यात साथ देईलच असे नाही.

एका हंगामावरून नियम ठरत नाही. १९९२-९३ ते २०२४-२५ या ३३ हंगामांत नाताळच्या दिवशी पहिला असलेला संघ १७ वेळा विजेता ठरला. ‘म्हणजे नाणेफेकच की!’ असे वर्गात कोणीतरी म्हणेलच. पण नाण्याला दोन बाजू असतात, इथे संघ २० आहेत (पहिल्या तीन हंगामांत २२). नाताळच्या क्रमांकाला काहीच अर्थ नसता, तर ३३ हंगामांत असे एकदा-दोनदाच घडले असते. तेव्हा खूण चांगली आहे. फक्त खात्रीची नाही.

याच आकड्यांत एक सापळाही आहे. पहिल्या १२ हंगामांत नाताळचा पहिला संघ केवळ ३ वेळा जिंकला, नंतरच्या २१ मध्ये १४ वेळा. खेळच बदलला, श्रीमंत संघ घट्ट झाले, असे लगेच म्हणावेसे वाटते. त्यात तथ्य असेलही. पण रेघ आपण आकडे पाहून मारली आहे. तीच रेघ शेवटच्या ७ हंगामांआधी मारून पाहा: आर्सेनल २०२२ आणि २०२३ अशा दोन्ही नाताळांना पहिले होते, दोन्ही वेळा मँचेस्टर सिटी जिंकली, आणि सातांपैकी उरतात फक्त ३.